शाळेचे दुसरे दार

दिवाळीला गावी जायचे आणि पाडव्याच्या सकाळी रोहिणखेडच्या जुन्या मशिदीपर्यंत एक फेरी मारून यायचे, हा माझा बऱ्याच वर्षांचा परिपाठ आहे. आमचे गाव घाटाखालचे. बुलढाण्याहून राजूर घाट उतरून आले की हवा बदलते, बोलण्याची ढब बदलते आणि दोन्ही बाजूंना कपाशीची वावरे दिसू लागतात. इतिहास शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. त्यामुळे या फेरीला बरोबर कोणी सापडले की मी त्याला गावाचा इतिहास ऐकवल्याशिवाय सोडत नाही. घरातील मुले हे जाणून असतात आणि पाडव्याच्या सकाळी शक्यतो माझ्या वाटेला जात नाहीत. परंतु गेल्या खेपेस माझ्या धाकट्या भावाची नात आपण होऊन माझ्यासोबत आली. ती दहावीला होती, आणि तिचे माझ्याशी काही काम होते, हे मला पुढे कळले.

मी माझे पुराण सुरू केले. या लहानशा गावाच्या शिवारात दोन मोठ्या लढाया झाल्या आहेत. इ. स. १४३७ मध्ये खानदेशचा नासीरखान फारूकी वऱ्हाडावर चालून आला. त्याची मुलगी बहामनी सुलतानाला दिली होती आणि तिथे तिची उपेक्षा होत असल्याची तक्रार बापाच्या कानी आली होती. बहामनींचा सरदार खलफ हसन याने त्याला इथे गाठून मोडले आणि थेट बऱ्हाणपुरापर्यंत पिटाळले. पुढे दीडशे वर्षांनी, १५९०-९१ च्या सुमारास, निजामशाहीच्या गादीचा निकालही इथेच लागला. गादीवर मुलगा इस्माईल, सत्ता जमालखानाच्या हाती, आणि समोर खानदेशच्या राजा अलीखानाची मदत घेऊन आलेला त्या मुलाचाच बाप, बुऱ्हाण! जमालखान लढाईत पडला आणि बुऱ्हाण निजामशहा झाला. या दोन लढायांच्या मधली गोष्ट म्हणजे ही मशीद. खुदावंतखान महदवी नावाच्या सरदाराने ती १५८२ मध्ये बांधविली.

मुलगी मुकाट्याने ऐकत होती. मग दगडावरून हात फिरवीत तिने विचारले, “आबा, खानानं बांधली म्हणता, पण खानाच्या हातात टाकी थोडीच होती! ज्यायनं बांधली, त्यायची शाळा कुठं होती?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. लढणाऱ्यांची नावे बखरकारांनी लिहिली, बांधविणाऱ्याचे नाव गॅझेटियरात आले, पण घडविणाऱ्यांची नावे मी वाचलेल्या कोणत्याही पुस्तकात नाहीत. वास्तविक कमान उभी करणे ही काही अडाण्याची करणी नव्हे. खाली लाकडी साचा उभारायचा, खुंटी आणि दोरीने वर्तुळाचा भाग आखायचा, प्रत्येक दगडाला किती उतार द्यायचा ते ठरवायचे, कळीचा दगड बसेपर्यंत सारा भार साच्यावर तोलून धरायचा. यात भूमिती आहे, वजनाचा हिशेब आहे, दगडाच्या जातीची पारख आहे. ही सारी विद्या बापाकडून मुलाकडे आणि उस्तादाकडून शागिर्दाकडे कामावरच जात असे. ती वहीत उतरली नाही. ज्यांच्याकडे वही होती त्यांनी टाकी धरली नाही, ज्यांच्याकडे टाकी होती त्यांना वही मिळाली नाही, आणि आमच्या जातिव्यवस्थेने या दोघांमध्ये भिंत घालून ठेवली.

ही भिंत फोडून शाळेला दुसरे एक दार पाडण्याची खटपट गेली पावणेदोनशे वर्षे चालली आहे. त्या खटपटीचा इतिहास मी घरी परतताना मुलीला सांगू लागलो, आणि सांगता सांगता माझ्याच आयुष्यातील एक जुने शल्य वर आले. वाचकहो, तो इतिहास आणि ते शल्य, दोन्ही आज तुमच्यापुढे ठेवतो.

१८५४ साली वुडचा खलिता आला. लोकांना उपयुक्त आणि व्यवहारी ज्ञान द्यावे, असे त्यात म्हटले होते. त्याच वर्षी पुण्यात बांधकाम खात्याला हाताखालची माणसे पुरविण्यासाठी एक वर्ग आणि यंत्रशाळा निघाली. पुण्याचे नामांकित इंजिनिअरिंग कॉलेज त्यातूनच वाढले. पण गावोगावच्या हायस्कुलांना या वाऱ्याची झुळूकही लागली नाही. तिथे एकच ध्येय होते, मॅट्रिक! मॅट्रिक झाले की कचेरीत चिकटता येई.

१८८२ साली हंटर आयोग बसला. त्याच्यापुढे त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पुण्याहून जोतीराव फुले यांनी आपले निवेदन सादर केले. जोतीराव स्वतः शेती आणि कंत्राटदारी केलेले गृहस्थ. हायस्कुलांतून मिळणारे शिक्षण रोजच्या जगण्याला उपयोगी पडत नाही आणि त्यातून कारकून व पंतोजी तेवढे निपजतात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. प्राथमिक शाळेतच शेतीचे साधे ज्ञान द्यावे, आणि त्याला नमुन्याच्या शेताची जोड असावी, असेही त्यांनी सुचविले होते.

आयोगाने १८८३ च्या अहवालात एक मोठी शहाणपणाची शिफारस केली. हायस्कूलच्या वरच्या वर्गांतून दोन वाटा फोडाव्यात. एक विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेकडे जावी. दुसरी व्यापार, उद्योग, व्यवहार यांच्याकडे. शाळेला दुसरे दार कागदावर पडले ते असे. परंतु या दारातून जाणारी मुले मूठभरच निघाली. आपल्याकडे याचा दोष पालकांच्या कारकुनी हव्यासाला देतात. तो हव्यास होताच, मी नाकारीत नाही. पण दुसरेही एक कारण होते. पहिल्या दारामागे कॉलेज होते, पदवी होती, वकिली होती. दुसऱ्या दारामागे एक बोळ होता आणि बोळाच्या टोकाला भिंत होती. त्या वाटेने गेलेल्या मुलाला पुढे शिकावेसे वाटले, तर परत फिरून पहिल्या दाराशी यावे लागे. अशा दारात आपले लेकरू कोण शहाणा बाप ढकलील?

बोळ जिथे पुढे मोकळ्या रानात निघे, तिथे काय होई, याचीही उदाहरणे आहेत. १८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. आज तिला वीरमाता जिजाबाईंचे नाव आहे. पुस्तकी शाळेत मन न रमलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकायला मुंबईला गेले. रंगांची पारख नीट नाही असे ध्यानात आल्यावर ते यांत्रिक रेखनाकडे वळले आणि या इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकही झाले. पुढे बेळगावचे सायकलचे दुकान, मग लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० साली कलाभवन काढले. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम या गोष्टी तिथे देशी भाषांतून शिकविल्या जात. इंग्रजी येत नाही म्हणून कुणाचे यंत्रशास्त्र अडू नये, ही त्या काळी केवढी नवलाची गोष्ट! आपल्या चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके हे या कलाभवनाचेच विद्यार्थी.

स्वदेशीच्या दिवसांत विष्णु गोविंद विजापूरकर यांनी समर्थ विद्यालय काढले. राष्ट्रीय शिक्षणात उद्योगाला स्थान देणारी ही शाळा तळेगाव दाभाड्याला नांदली. याच गावात १९०८ साली, लोकांकडून पैसा पैसा जमवून उभारलेल्या पैसाफंडाचा काचकारखाना निघाला. एका लहान गावात शाळा आणि कारखाना शेजारी आले होते. पण सरकारला या शाळेत राजद्रोहाचा वास आला आणि १९१० साली तिला टाळे लागले.

त्यानंतरचा मोठा प्रयोग आमच्याच प्रांतातला. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. त्या प्रांतातील वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली आणि झाकिर हुसेन यांच्या समितीने नई तालीमची योजना आखली. सूत काततानाच अंकगणित, कापसातूनच भूगोल! आम्हा कापूस पिकविणाऱ्यांना तरी हे पटायला हरकत नव्हती. परंतु खेड्यातील कुणब्याला ते पटले नाही. “सूत कातणं तं आमची आजी घरीच शिकवते, शाळेत जाऊन साहेब कसा व्हायचं ते सांगा,” हे माझ्या आजोबांचे म्हणणे मी लहानपणी ऐकलेले आहे. त्यांची खंत निराळीच होती. जिनिंगमधला फिटर नेहमी परगावचा असे, याचे त्यांना वैषम्य वाटे. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावचा रेल्वेफाटा उघडायला आला, एवढा आमच्या कापसाचा दबदबा. पण कापूस आमचा आणि यंत्राची किल्ली दुसऱ्याच्या खिशात! फिटर आपल्या गावातून का निघू नये, असे ते म्हणत. फिटर आपल्या घरातून निघावा असे मात्र त्यांच्याही तोंडून कधी आले नाही.

आता माझे शल्य. पुढच्या शिक्षणासाठी मला शहरगावी नातलगांकडे ठेवले होते. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळांची शिफारस केली होती, आणि त्या वाऱ्यात आमच्या हायस्कुलातही तांत्रिक विषयांची तुकडी निघाली होती. एका खोलीत रेखनाचे फळे, मागच्या शेडमध्ये भाते, ऐरण आणि एक पट्ट्यावर फिरणारे लेथ. लेथवर लोखंडाची लकाकती कुरळी पट्टी सोलून निघताना मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वेड लागायचेच बाकी राहिले. मी नाव दिले आणि घरी कळविले. तिसऱ्या दिवशी वडील स्वतः हजर झाले. “हातोडाच धराचा व्हता तं शाळेत कायले धाडलं तुले?” एवढेच ते म्हणाले. मी नाव काढून घेतले. माझ्या बाकावरचा आमच्याच गावच्या सुताराचा मुलगा त्या तुकडीत राहिला. पुढे तो तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन पाटबंधाऱ्याच्या कामांवर गेला. मी इतिहासाचा मास्तर झालो. त्याबद्दल मला पस्तावा नाही. इतिहासाने मला खूप दिले. तरी लेथचा तो आवाज अजून कानात आहे.

वडिलांना मी मनातल्या मनात पुष्कळ दोष दिला. परंतु पुढे मी त्यांच्याहून वाईट वागलो, हे सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

कोठारी आयोग १९६४ ते ६६ या काळात बसला. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाचे संस्थापक, खेडे जाणणारे. दहावीनंतर पुढे शिकणाऱ्यांपैकी ५० टक्के मुले १९८६ पर्यंत व्यवसायशिक्षणात असावीत, असे आयोगाने उद्दिष्ट ठेवले. महाराष्ट्रात जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन १९७५ साली दहावीची पहिली परीक्षा झाली, आणि अकरावी-बारावीचे दोन वर्ग आले. ते कोणत्या घरातले, शाळेचे की कॉलेजचे, हे कुणालाच नीट ठरविता येईना. म्हणून त्यांना कनिष्ठ महाविद्यालय असे नाव मिळाले. या दोन वर्गांतच कॉलेजच्या तोडीचे तांत्रिक शिक्षण बसविण्याचे दोन प्रयत्न झाले. एक द्विलक्षी, म्हणजे लोकांच्या तोंडचे बायफोकल. विज्ञानाच्या मुलाने दुसरी भाषा आणि एक विषय सोडून २०० गुणांचा इलेक्ट्रॉनिक्स, यंत्रदुरुस्ती, पीकशास्त्र किंवा दुग्धव्यवसाय असा एखादा विषय घ्यायचा. दुसरा, १९८८-८९ पासूनचा किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम, ज्याला सारे एमसीव्हीसी म्हणत.

बायफोकलकडे हुशार मुले गेली, कारण त्यातून इंजिनिअरिंगचे दार उघडे राहत होते. एमसीव्हीसीकडे कोण गेले? तिकडे आम्ही मास्तरांनी पाठविली ती मुले गेली. मी ज्या शाळेत होतो तिथे दहावीचा निकाल लागला की पालक सल्ला घ्यायला येत. गुणपत्रिकेवर नजर टाकून मी सांगत असे, “याला गणित झेपायचे नाही, किमान कौशल्याला घाला.” हे किती जणांना सांगितले याची मोजदाद नाही. जणू काही मोटरचे वाइंडिंग करायला डोके लागत नाही! त्यातला एक मुलगा काही वर्षांनी भेटला. गावात पंप दुरुस्त करीत होता, हात चांगला होता. म्हणाला, “सर, काम आवडते. पण तुम्ही मला तिकडे धाडले तेव्हा वाटले, माझा निकाल दुसऱ्यांदा लागला.” लेथवरून मला उठवताना वडिलांना निदान माझे भले करीत असल्याची खात्री होती. मी मात्र एका चांगल्या विद्येला नापासांची कोठी करून टाकले होते.

हे सारे निराळ्या रीतीने करता येते, हे एका माणसाने पुणे जिल्ह्यातील पाबळ या दुष्काळी गावात दाखविले. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत विद्या घेतलेले, मोठ्या कंपनीच्या संशोधनशाळेत काम केलेले शास्त्रज्ञ. सारे सोडून १९८३ साली त्यांनी पाबळला विज्ञान आश्रम काढला. गावच्या हायस्कूलची आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस हाताने काम करून शिकू लागली. लोखंडकाम आणि बांधकाम, वीज आणि ऊर्जा, शेती आणि जनावरे, घर आणि आरोग्य असे चार विभाग. काम खोटे नसे. गावाला लागणारी वस्तू करायची, गावातल्या माणसांचे रक्तगट तपासायचे, मातीची परीक्षा करायची, खर्चाचा हिशेब मांडायचा. परीक्षामंडळाने हा विषय दहावीला मान्य केला आणि पुढे तो महाराष्ट्रातील शंभराहून अधिक शाळांत पोचला. यातली खुबी अशी की इथे कच्चे आणि पक्के अशी निवड नव्हती. वर्गातला पहिला आणि शेवटचा, मुलगा आणि मुलगी, सगळ्यांच्या हाती वेल्डिंगचा चिमटा. कलबाग २००३ साली गेले, आश्रम चालू राहिला.

बाहेरच्या जगातही हाच विचार निराळ्या वाटेने आला आहे. न्यूयॉर्कमध्ये लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजाच्या आवारातच १९७४ साली एक हायस्कूल काढले. शाळेत न रमणाऱ्या मुलांना कॉलेजच्या छपराखाली बसविले तर ती टिकतील, अशी त्यामागची कल्पना. आज तिकडे हायस्कूलची मुले कॉलेजचे तांत्रिक पाठ घेतात आणि त्याचे गुण शाळेतही धरतात, कॉलेजातही. एकदा शिकलेले पुन्हा शिकावे लागत नाही. बोळाच्या टोकाची भिंत पाडली म्हणजे काय, ते हे.

आपल्याकडेही ती भिंत बरीच पडली आहे, हे पुष्कळ पालकांच्या ध्यानात नसते. दहावीनंतर तीन वर्षांची तंत्रनिकेतनाची पदविका, आणि ती घेतली की पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. आयटीआय झालेल्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षात शिरता येते. म्हणजे जो शागिर्द म्हणून आत गेला, तो अभियंता होऊन बाहेर पडू शकतो. तरीही २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात दिलेला आकडा वाचून मान खाली जाते. १९ ते २४ वयाच्या कामकरी तरुणांपैकी रीतसर व्यवसायशिक्षण घेतलेले भारतात ५ टक्क्यांहून कमी. जर्मनीत ७५, दक्षिण कोरियात ९६. दारे पडली, बोळ मोकळे झाले, आणि उंबरठ्यावर आम्ही वडीलधारी आडवे बसलो आहोत.

एवढे होईतो आम्ही घराच्या ओसरीपर्यंत आलो होतो. तेव्हा मुलीने आपले काम सांगितले. तिला दहावीनंतर पॉलिटेक्निकला जायचे होते, यंत्र शाखेला. गुण चांगले होते, म्हणूनच घरात विरोध होता. कमी असते तर कुणी अडविले नसते! वहिनी अनारसे तळता तळता आतून म्हणाल्या, “तिले बारावी सायन्स करू द्या, भाऊजी. पोरीच्या जातीनं पान्हे न् पेचकस कायले धरा लागते?” धाकटा भाऊ माझ्याकडे पाहू लागला. घरात शिक्षणाचा शब्द माझा, असा रिवाज.

इतकी वर्षे गुणपत्रिका पाहून मी निकाल सांगितले होते. या खेपेस मी तिला एकच विचारले, “तुला हे का हवे?” ती म्हणाली, “आपल्या वावरातला सोलर पंप बंद पडला तवा शहरातून माणूस याले आठ दिस लागले. कपाशी करपली. तो आला अन् पंधरा मिनिटांत करून गेला. मी बाजूले उभी राहून पाहिलं. मले करता आलं असतं, फक्त कोणी शिकवलं नव्हतं.”

मला आजोबांचा परगावचा फिटर आठवला. मी वहिनींना म्हणालो, “वहिनी, तिला जाऊ द्या. पुढे पदवीचे दार उघडे आहे, ते मी स्वतः तपासून देतो. पण पदवी नाही घेतली तरी चालेल.” वहिनी लगेच काही बोलल्या नाहीत. झाऱ्यावरचा अनारसा निथळू दिला, ताटलीत घेतला आणि मुलीपुढे ठेवला. आमच्या घरात होकार असाच मिळतो.

मुलगी या जूनमध्ये तंत्रनिकेतनात दाखल झाली. पहिल्या महिन्यात तिने पत्र नाही, फोन केला. “आबा, आज लेथ चालवलं,” एवढेच म्हणाली आणि मागे चाललेला यंत्राचा आवाज मला ऐकविला. येत्या पाडव्याला ती गावी येणार आहे. मशिदीची कमान कशी तोलली आहे, ते आता तिने मला समजावून सांगायचे, असे आमचे ठरले आहे.